दुभाष्याचा भत्ता

अकराची सुनावणी, म्हणजे दीडची.
सिव्हिल लाइन्समधली जुनी कचेरी,
बाहेर चिंचेखाली टायपिंगवाल्यांची रांग,
आत साहेब, साहेबांचा पंखा
आणि मी, माडियाची मराठी करणारी.
एका तारखेचे सहाशे रुपये,
दोन महिन्यांनी मिळणारे.
गोंड राजानं वसवलेल्या शहरात
गोंडाला दुभाष्या लागतो.

चुक्कू लेकामी रात्रीच्या एसटीनं आला.
गणेशपेठहून चालतच निघालो आम्ही,
रिक्षा महाग म्हणून नव्हे,
पायांना जागा कळू दे, म्हणाला.
वाटेत झिरो माईलचा खांब दाखवला मी.
म्हटलं, दादा, सगळ्या देशाची अंतरं
इथून मोजायचे म्हणतात.
त्यानं घोडे पाहिले. खांब पाहिला.
"आमच्याकडे तोडलेलं पान कोमेजेस्तोवर चाललं
की एक कोस."
खिशातून मोहाचं पान काढलं.
आरमोरीच्या आधीच वाळलं होतं.

कंपनीचे वकील चाळीस मिनिटं बोलले.
त्यांच्या डोंगरात लोखंड होतं, रस्ता होता,
रोजगार होता, शाळेच्या भिंतीला रंग होता.

"डोंगर कुणाच्या मालकीचा?" साहेबांनी विचारलं.
प्रश्न माझ्या तोंडात वळेना.
मालकीचे जे शब्द आईनं मला दिले
ते कोंबडीला पुरतात, कुऱ्हाडीला पुरतात,
डोंगराला आखूड होतात.
मी विचारलं, तुम्ही त्याचे कोण?
हे साहेबांनी विचारलंच नव्हतं.

चुक्कू म्हणाला, "पेन."
थोडं थांबून, पुन्हा, हळू, "पेन."

शिरस्तेदार भले गृहस्थ.
खिशातला निळा बॉलपेन काढून पुढे केला.
"घ्या ना बाप्पा. सही इथं करा."

कुणीतरी हसलं. वाईट नव्हतं ते हसणं.
मीही हसले.
हे लिहून ठेवते.

चुक्कूनं तो घेतला, उलटासुलटा पाहिला,
कपाळाला लावला,
कुणी काही दिलं की लावतात तसा,
आणि फाइलवर ठेवून दिला. सही केली नाही.

मग मी भाषांतर सांगितलं:
साक्षीदाराच्या मते सदर डोंगरावर त्यांचे दैवत आहे.
एका वाक्यात डोंगर सपाट केला मी.
कंपनीला तीस वर्षं लागली असती.

टंकलेखकाची बोटं थांबायच्या आत म्हटलं,
साहेब, खोडा ते.
दैवत डोंगरावर नाही. डोंगरच.
"त्यानं काय फरक पडतो?"
पडतो साहेब.
वर असेल तर उचलता येतं,
खाली टाइल्स लावून देऊळ बांधून देता येतं,
आणि ते त्यांच्या अर्जात पान बारावर आहेच.

साहेबांनी पान बारा काढलं. बराच वेळ वाचलं.
मग घड्याळ पाहिलं.
तारीख पडली.

संध्याकाळी धंतोलीत, देवतळे वकिलांच्या खोलीत,
चहा निवत होता.
भिंतीवर कुठल्या कुठल्या देशांतले फोटो.
बर्फात हरणांचा कळप हाकणारी म्हातारी.
होडीत उभी एक बाई, गालांवर लाल रेघा,
मागे धरणाची भिंत.
चुक्कू त्या दुसरीपुढे थांबला.
"हिचा तालुका कोणता?"
वकिलांनी सांगितला. देश सांगितला, समुद्र सांगितला.
"तिच्याकडेही लोखंड निघालं?"
पाणी, वकील म्हणाले. वीज.
तो मान हलवत राहिला,
नात्यातल्या कुणाची खबर ऐकावी तशी.
मग माझ्याकडे वळून माडियात,
"हिलाही दुभाष्या लागत असेल?"
लागत असेल, दादा.
"तोही हसतो का?"

रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं.

रात्रीच्या गाडीत त्याला बसवून आले.
खिडकीतून त्यानं ते वाळकं पान माझ्या हातात दिलं,
परत न्यायचं नसतं म्हणे.

भत्त्याचा अर्ज टेबलावर पडून आहे.
तारीख भरली, प्रकरण क्रमांक भरला.
त्याखाली एक रकाना आहे:
कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत.